वाचक विचारतात: वाढत्या वयातली मुलं आणि वेटलिफ्टिंग

लहान वयात वेटलिफ्टिंग करणाऱ्या मुलांबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा असं गेल्या अंकात म्हटलं होतं आणि पत्रांचा ढीगच आला. जास्त करून आईवडिलांची पत्रं आहेत, पण काही मुलांनी स्वतःही लिहिलंय आणि ती पत्रं वाचताना खूप बरं वाटलं. सगळ्यांना उत्तर द्यायला जागा नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: मॅडम, माझी मुलगी ११ वर्षांची आहे. तिला वेटलिफ्टिंग शिकायचंय पण घरातले सगळे म्हणतात उंची वाढायची थांबेल, हाडं दबतील, अजून दोन-चार वर्षं थांब. खरंच थांबावं का?
(एक आई)

ताई, उंचीची भीती मनातून काढूनच टाका. हाच प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की जरा सविस्तरच लिहिते. मुलांच्या हाडांच्या टोकांजवळ ग्रोथ प्लेट नावाचा मऊ कूर्चेचा भाग असतो, हाड लांबीला तिथूनच वाढतं, आणि वयात येऊन गेल्यावर तो भाग पक्का झाला की उंची थांबते. वजनाच्या दाबाने ही प्लेट चेपते आणि मूल बुटकं राहतं असा लोकांचा समज आहे, पण नीट देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्या मुलांची उंची थांबल्याचा पुरावा काही मिळालेला नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२० मध्ये या विषयावर आपली भूमिका मांडली, त्यातही नीट शिकवणारा माणूस समोर असेल तर मुलांसाठी वजनांचा व्यायाम सुरक्षित आहे असंच म्हटलंय. आणि मुलं एरवी पळत येऊन उड्या मारतात, उंचावरून खाली उडी टाकतात, तेव्हा पाय टेकताना गुडघ्या-घोट्यांवर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट जोर येतो, त्याला कोणी अडवत नाही ना.

मग लिफ्टर बुटके का दिसतात? कारण हलक्या वजनगटात कमी उंचीचा फायदा होतो, बार कमी अंतर वर न्यायचा असतो, म्हणून तिथे वर पोचणारे बहुतेक तसेच असतात. तुर्कस्तानचा नईम सुलेमानोग्लू जेमतेम १४७ सेंटिमीटर होता, त्याने १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये ६० किलो गटात १९० किलोचा क्लीन अँड जर्क केला (बार आधी खांद्यावर घ्यायचा तो क्लीन, मग डोक्यावर न्यायचा तो जर्क; स्पर्धेतली दुसरी लिफ्ट म्हणजे स्नॅच, त्यात बार एका दमात थेट डोक्यावर जातो). आणि सगळ्यात वजनदार गटातला जॉर्जियाचा लाशा तालाखाद्झे १९७ सेंटिमीटर आहे, त्याने २०२१ मध्ये ताश्कंदला याच लिफ्टमध्ये २६७ किलो उचलले. खेळ तोच आणि उंचीत अर्ध्या मीटरचा फरक!

खरा धोका वेगळाच आहे. कोणी मोठं माणूस नसताना मुलं एकमेकांना दाखवायला वजन लावतात, वाकलेल्या पाठीने ओढतात, पायाच्या बोटांवर प्लेट पाडून घेतात. दुखापती होतात त्या बऱ्याचदा अशाच. म्हणून थांबायची गरज नाही पण जागा आणि कोच मात्र बघून निवडा.

पहिले काही महिने तिच्या हातात नुसती काठी असेल, मग ५ किलोचा बार, आणि तुम्हाला वाटेल हे काय चाललंय, पण तेच बरोबर आहे. एक गोष्ट मुद्दाम बघा, बारला लावलेल्या प्लेट किती मोठ्या आहेत ते. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो म्हणजे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. मुलांना छोट्या लोखंडी प्लेट लावून दिल्या तर बार पार खाली जातो, मूल पाठ गोल करून वाकतं आणि सुरुवातीची पोझिशनच चुकीची पक्की होते, ती नंतर सुधारायला वर्षं जातात. मुलांसाठी हलक्या पण पूर्ण आकाराच्या प्लेट मिळतात, त्या नसतील तर बार ठोकळ्यांवर ठेवायचा, साधी गोष्ट आहे पण कितीतरी ठिकाणी कोणी करत नाही. आणि कोचला विचारा की लिफ्ट चुकली तर बार टाकायचा कसा हे तुम्ही पहिल्या आठवड्यात शिकवता का. जो शिकवतो त्याच्याकडे मुलगी बिनधास्त पाठवा. या वयात ताकद वाढते ती स्नायू फुगून नाही तर मेंदू आणि नसांना स्नायू नीट वापरायची सवय लागून, म्हणून आठवड्यातून दोन-तीन दिवस, तासभर, पुष्कळ झालं. आंतरराष्ट्रीय युथ गट सुद्धा १३ ते १७ वयाचा आहे, त्यामुळे तिला आत्ता स्पर्धेची काहीच घाई नाही.

प्रश्न: मुलगा १४ वर्षांचा आहे, दोन वर्षं छान प्रगती होती. गेल्या काही महिन्यांत एकदम ताडमाड वाढला आणि लिफ्ट उलट खाली आल्या, गुडघेही दुखतात म्हणतो. कोचने वजन कमी केलंय त्यामुळे तो खूप नाराज आहे, सोडून देतो म्हणतो. कोच बदलावा का?
(एक वडील)

अजिबात बदलू नका, असा कोच सहज मिळत नाही! तुमच्या मुलाची उंची सगळ्यात वेगाने वाढायचा हा काळ आहे, मुलींमध्ये तो साधारण १२ च्या आसपास येतो आणि मुलांमध्ये १४ च्या आसपास, कोणाचा लवकर कोणाचा उशिरा. या काळात हाडं आधी लांब होतात आणि स्नायू, स्नायूबंध मागून येतात. मांडी लांब झाली, हात लांब झाले, पण मेंदूत अजून जुन्याच शरीराचं माप आहे, त्यामुळे जो बार सहा महिन्यांपूर्वी मांडीवर बरोबर जागी लागायचा तो आता भलतीकडेच लागतो. मुलगा आळशी झालेला नाही की त्याचं टेक्निक बिघडलेलं नाही, त्याला नव्या शरीरात तीच लिफ्ट पुन्हा शिकायची आहे, आणि हे त्याला कोणीतरी शांतपणे समजावून सांगायला पाहिजे कारण या वयाच्या मुलांना वाटतं आपण संपलो.

गुडघ्याचं म्हणाल तर वाटीच्या खाली जो हाडाचा उंचवटा असतो तिथे बोटाने दाबल्यावर दुखतंय का बघा. मांडीचा स्नायू वाटीवरून येऊन तिथे जोडलेला असतो आणि ती जागा या वयात अजून मऊ असते, वारंवार ओढ बसली की दुखते आणि कधी कधी गोटीसारखी वर येते. ऑसगुड-श्लॅटर म्हणतात त्याला. घाबरण्यासारखं नसतं, वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचं जातं, पण तोवर खोल स्क्वॉट आणि उड्यांचं प्रमाण कमी ठेवावं लागतं. तरी एकदा डॉक्टरांना दाखवून खात्री करून घ्याच.

कंबरेचं दुखणं मात्र मी कधीच हलक्यात घेत नाही. मागे वाकल्यावर कंबरेत एका बाजूला दुखतंय आणि दोन आठवडे झाले तरी जात नाही असं झालं तर ट्रेनिंग थांबवून हाडांच्या डॉक्टरकडे न्या, मुलांच्या मणक्याच्या मागच्या भागाला बारीक फ्रॅक्चर होऊ शकतं आणि ते वेळेवर सापडलं तर विश्रांतीने भरून येतं. जर्क करताना छाती वर काढण्याच्या नादात कंबरेतून मागे वाकणारी मुलं यात जास्त सापडतात.

घरी एक काम करा, दर महिन्याला त्याची उंची मोजून तारखेसकट लिहून ठेवा आणि कोचला दाखवा. वाढीचा वेग कमी झालेला दिसला की कोच आपोआप वजन वाढवायला लागेल. तोपर्यंत हलकं वजन, गुडघ्यापाशी थांबून केलेले पुल (बार जमिनीवरून वर ओढणं), स्नॅच बॅलन्स (खांद्यांवरच्या बारखाली झटकन बसत हात वर ताणणं), पाठ-पोटाचे व्यायाम, यातच खूप कमाई आहे. सोडू देऊ नका त्याला, हा काळ ज्यांनी धीराने काढला तीच मुलं पुढे वीस वर्षांची झाल्यावर प्लॅटफॉर्मवर दिसतात, आणि तेराव्या वर्षी सगळ्यांत पुढे असलेली कितीतरी तोवर खेळ सोडून गेलेली असतात.

प्रश्न: मॅम मी १६ वर्षांचा आहे. स्नॅच ७०, क्लीन अँड जर्क ९२, फ्रंट स्क्वॉट १२०. स्नॅच खूप दिवस ७० लाच अडकलंय, ७२ लावलं की बार पुढेच पडतो. मी बल्गेरियन पद्धतीने रोज मॅक्स करतो. अजून काय करू?
(एक लिफ्टर)

तुझे आकडेच सगळं सांगतायत बघ. १२० चा फ्रंट स्क्वॉट (बार पुढे खांद्यांवर ठेवून बैठक) असणाऱ्या मुलाला १०० च्या वर क्लीन जायला हवा, म्हणजे तुझ्या पायात ताकद भरपूर आहे आणि दोन्ही लिफ्ट त्या ताकदीच्या मागे आहेत. मग रोज मॅक्स, म्हणजे झेपेल ते सगळ्यात जड वजन, मारून तू काय करतोयस, तर जी चूक आहे तीच रोज सगळ्यात जड वजनावर घोटून पक्की करतोयस.

बल्गेरियन पद्धतीबद्दल पण सांगते कारण सगळ्या मुलांना तिचं फार आकर्षण असतं. बल्गेरियाचे कोच इवान अबाजिएव्ह यांनी ती घडवली ती निवडून आणलेल्या, पूर्णवेळ लिफ्टिंगच करणाऱ्या खेळाडूंसाठी, ज्यांचं खाणं-झोपणं सगळं त्याभोवतीच आखलेलं होतं. आणि त्याच बल्गेरियाच्या टीमने १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये दोन गोल्ड मेडलवाले डोपिंगमध्ये सापडल्यावर मधूनच माघार घेतली, हेही लक्षात ठेव. तू अभ्यास करतोस, तुझं शरीर अजून वाढतंय, तुला ते वेळापत्रक लागू होत नाही.

आता बार पुढे का पडतो ते शोधू. प्लॅटफॉर्मवर पायाच्या बोटांसमोर चॉकने आडवी रेघ मार आणि ५० किलोने स्नॅच कर. लिफ्ट झाल्यावर खाली बघ, पाय रेघेच्या पुढे गेले असतील तर तू बारच्या मागे धावतोयस, म्हणजे पुलमध्येच तोल पंजांवर गेलाय. मग फोन एका बाजूला, बारच्या टोकाच्या रेषेत, कंबरेच्या उंचीवर ठेवून व्हिडिओ काढ आणि दोनच गोष्टी बघ, गुडघ्याच्या वर येताना बार अंगापासून लांब गेलाय का आणि पाय पूर्ण ताणले जायच्या आधीच कोपर वाकलंय का. बहुतेक दोन्ही दिसेल. कोपर लवकर वाकलं की पायाची ताकद बारपर्यंत पोचतच नाही, आणि बार लांब गेला की मांडीला घासून वर जायच्या ऐवजी कंबरेला आपटून पुढे उडतो.

पुढचे दोन महिने रोजचा मॅक्स बंद. आठवड्यातून तीन दिवस स्नॅच, ५० ते ५५ किलोवर दोन-दोन रेप्स, पहिल्या रेपला गुडघ्याच्या जरा वर दोन सेकंद थांबायचं आणि तळव्याच्या मधोमध वजन आहे ना ते जाणवलं की मगच वर जायचं. ते स्वच्छ झालं की ६० पर्यंत. त्या आधी हलक्या बारने नुसते कंबरेपासूनचे स्नॅच. मॅक्स तीन-चार आठवड्यांनी एकदाच आणि त्या दिवशीही दोन लिफ्ट चुकल्या की बार उतरवायचा, तिसरी नाही मारायची. आणि रात्री किती झोपतोस ते पत्रात लिहिलं नाहीस, तुझ्या वयात आठ ते दहा तास लागतात, ते पाचच होत असतील तर बाकीचं सगळं वाया.

प्रश्न: कोच म्हणतात मुलाला पुढे जायचं असेल तर फुटबॉल सोडावा लागेल. तो १२ वर्षांचा आहे. सोडायचा का?

नाही. १२ व्या वर्षी पळणं, वळणं, उड्या, चेंडू, सगळं चालू दे, त्यातूनच जो चपळपणा येतो तो बारखाली शिरताना कामाला येतो. दोन्हीचे दिवस वेगवेगळे ठेवा आणि आठवड्यातून एखादा दिवस पूर्ण रिकामा. एकाच खेळाचा निर्णय १५-१६ ला घेतला तरी काही बिघडत नाही.

प्रश्न: मुलगी १५ वर्षांची, वजन साडेपंचावन्न. पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे आणि तिला खालच्या ५३ च्या गटात उतरवायचं म्हणून जेवण कमी करायला आणि शेवटच्या दोन दिवसांत पाणी बंद करायला सांगितलंय. तिची पाळीही दोन महिने आलेली नाही. हे नॉर्मल आहे का?
(एक आई)

ताई, हे नॉर्मल नाही. पाणी बंद तर अजिबात करू देऊ नका आणि जेवणही लगेच पूर्ववत करा. पाळी थांबणं म्हणजे शरीर सांगतंय की खर्चाला पुरेल इतकं अन्न येत नाहीये. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ पासून या सगळ्या प्रकाराला रेड-एस असं एक नाव दिलंय, यात फक्त पाळी नाही, हाडांची घनता कमी होते, दुखापत लवकर होते, मूड जातो, ताकद पण जाते. हाडांत भर पडायचं वय हेच आहे, ते नंतर मागून भरून काढणं फार अवघड. आधी डॉक्टरांकडे न्या, स्पर्धेचं नंतर बघू.

नुसता खेळाचा विचार केला तरी यात फायदा नाही. वजन घेणं स्पर्धेच्या दोन तास आधी सुरू होतं आणि तासभर चालतं, म्हणजे सुकलेल्या अंगात पाणी भरायला मुलीला फार तर दोन-अडीच तास मिळतात, आणि मग तिच्याकडून सगळ्यात वेगवान, सगळ्यात तोलाची हालचाल करून घ्यायची. हातपाय थरथरत असताना स्नॅच कसा लागणार? शिवाय ज्या आकड्यासाठी हे चाललंय तो आकडा तरी कायमचा कुठे आहे, आंतरराष्ट्रीय वजनगट २०१८ मध्ये सगळे बदलले आणि २०२५ मध्ये परत बदलले. मुलगी वाढतेय तर तिला वरच्या गटात वाढू द्या, सुरुवातीला नंबर खाली येईल, येऊ दे.

कोचशी बोलताना भांडू नका पण स्पष्ट सांगा की १८ वर्षांच्या आत वजन उतरवणं आम्हाला मान्य नाही. ऐकलं नाही तर मात्र मुलगी तिथून काढा. हे मी सहज लिहीत नाहीये.

प्रश्न: प्रोटीन पावडर आणि प्री-वर्कआउट द्यावं का? मुलगा १७ चा आहे.

प्री-वर्कआउट, म्हणजे व्यायामाआधी घ्यायची ती उत्तेजक पावडर, नको. प्रोटीन रोजच्या जेवणातून पुरेसं होतं बहुतेकांचं, ते आधी नीट करा. डब्यावर लिहिलेलं नसतानाही आत बंदी असलेलं काहीतरी निघालं अशी प्रकरणं जगभर झालीत, आणि नियम असा आहे की खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, कोणी दिलं हा पुढचा प्रश्न. सर्दीच्या गोळ्यांचंही बघा, काहींत स्यूडोएफेड्रिन असतं आणि स्पर्धेच्या वेळी ते ठरावीक मर्यादेच्या वर सापडलं तर चालत नाही. डॉक्टरकडे गेलात की मुलगा स्पर्धेत उतरतो हे पहिल्या वाक्यात सांगायची सवय लावा.

प्रश्न: मुलाची पहिली स्पर्धा आहे. सुरुवात किती किलोने करावी, आणि आम्ही आईवडिलांनी काय करावं?

पहिलं वजन असं निवडायचं की रात्रभर झोप झाली नसली, पोट बिघडलं असलं तरी जाईल, म्हणजे सरावातल्या सर्वोत्तमाच्या साधारण नव्वद टक्के, पहिल्या स्पर्धेत त्याहून थोडं कमीच. स्नॅचला तीन संधी आणि क्लीन अँड जर्कला तीन, बारवरचं वजन पुढे कमी करता येत नाही, फक्त तेवढंच ठेवता किंवा वाढवता येतं. तिन्ही स्नॅच चुकले तर टोटलच (दोन्ही लिफ्टची बेरीज) लागत नाही, आणि पहिल्याच स्पर्धेत मुलाला रिकाम्या हाताने परत आणण्यासारखं दुसरं वाईट काही नाही. माझ्या मते पहिल्या स्पर्धेचं यश म्हणजे सहापैकी पाच-सहा लिफ्ट पांढऱ्या दिव्याच्या, म्हणजे रेफरींनी मान्य केलेल्या, किलो कितीही असोत.

दोन गोष्टी सरावात घोटून घ्या. एक, वर नेल्यावर रेफरीचा खाली ठेवायचा सिग्नल येईपर्यंत स्थिर थांबायचं, पहिल्या स्पर्धेत कितीतरी मुलं आनंदाने आधीच बार सोडतात आणि चांगली लिफ्ट फुकट जाते. दोन, नाव पुकारल्यावर एक मिनिटच मिळतो, लागोपाठ स्वतःचाच नंबर आला तर दोन, त्यामुळे सरावात एकदा घड्याळ लावून बघा, मिनिट वाटतो त्यापेक्षा लांब असतो आणि घाई करायची गरज नसते हे मुलाला कळलं पाहिजे. वॉर्मअप रूममध्ये कोचला मोजणी करू दे, त्याच्याआधी किती लिफ्ट बाकी आहेत त्यावर कोणता वॉर्मअप कधी मारायचा ते ठरतं, तिथे जाऊन कसं वाटतंय असं विचारत राहू नका.

तुम्ही बसायचं, टाळ्या वाजवायच्या, आणि बसल्या जागेवरून टेक्निकच्या सूचना ओरडायच्या नाहीत, त्याला त्या क्षणी एकच आवाज ऐकू यायला हवा आणि तो कोचचा. लिफ्ट चुकली तर गाडीत बसल्यावर लगेच तपासणी सुरू करू नका, तो स्वतः बोलेल तेव्हा ऐका. बाकी ओळखपत्र, सिंगलेट (स्पर्धेचा अंगाला घट्ट बसणारा पोशाख), शूज, टेप आणि वजन दिल्यानंतर खायचा-प्यायचा डबा हे सगळं आदल्या संध्याकाळी त्याला स्वतःलाच भरायला लावा, आणि झोपायच्या आधी तुम्ही एकदा बॅग उघडून बघा, शूज राहिलेले असतात बऱ्याचदा.